ताई जिथे थांबायची

माझी थोरली बहीण पियानो वाजवते, हे मला कुणाला सांगायची वेळच येत नाही. लोकच मला सांगतात. मध्ये दात दाखवायला गेले तर डॉक्टरीणबाई तोंडात आरसा घालून म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या धाकट्या बहीण ना? काय सहज वाजवतात हो! काही करतायत असं वाटतच नाही." तोंड उघडं असल्यामुळे मी नुसतं "आँ" केलं. मिटता आलं असतं तर सांगितलं असतं, की अहो बाई, ती रोज सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सात वाजवते, एकाहत्तराव्या वर्षीही, आणि त्यातला निम्मा वेळ माझ्यावर ओरडत असते.

ओरडते, कारण दुसऱ्या पियानोवर मी असते. म्हणजे, असायचे. हे जरा समजावून सांगायला हवं. कॉन्चेर्टो म्हणजे एकीकडे एकटा पियानो आणि दुसरीकडे साठ-सत्तर माणसांचा वाद्यवृंद, अशी दोघांनी मिळून वाजवायची मोठी रचना. आता साठ-सत्तर माणसं रोज सकाळी दहाला घरी कशी बोलावणार? कपबशाच पुरायच्या नाहीत. म्हणून सगळ्या वाद्यवृंदाचं वाजवणं आटवून, एका पियानोवर बसेल असं छापलेलं असतं, आणि सरावाला दुसरं कुणीतरी ते वाजवतं. बावन्न वर्षं ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी. व्हायोलिनं मी, बासऱ्या मी, नगारे मी. कार्यक्रमाच्या दिवशी खरी माणसं यायची आणि मी सातव्या रांगेत जाऊन बसायचे.

माझं लग्न झालं, दोन गल्ल्या सोडून राहायला गेले, मुलं झाली, मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली. पण दहा वाजले की मी ताईकडे हजर. माझा नवरा म्हणायचा, तू ऑफिसला जातेस तिथे साहेबही तूच असतीस तर बरं झालं असतं. तो बिचारा गेला त्याच्या बाराव्या दिवशीसुद्धा ताईने निरोप पाठवला होता, "जमलं तर ये. नुसती बस." मी गेले आणि वाजवून आले. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आमचे वडील बसवर कंडक्टर होते. ताईला पहिल्यांदा मोठ्या सभागृहात वाजवायला बोलावलं, तेव्हा वाद्यवृंदापुढे छडी घेऊन जो उभा राहतो त्यालाही कंडक्टरच म्हणतात हे ऐकून ते बराच वेळ विचारात पडले. "तो तिकिटं बघतो का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग कसला कंडक्टर." पण कार्यक्रमाला युनिफॉर्मला कडक इस्त्री करून आले, आणि शेवटपर्यंत पाठ टेकली नाही.

त्या दिवशी वाजवलेल्या कॉन्चेर्टोनेच ताईचं नाव झालं. त्यात एक जागा आहे. दुसरा भाग, संथ. सुरुवातीला तंतुवाद्यं अगदी हळू आवाजात एक कॉर्ड धरतात, म्हणजे चार-पाच सूर एकदम. आणि त्याच क्षणी, त्यांच्या वर, पियानोचा एकच सूर. दोन्ही बरोबर पडायला हवेत, कागदावर ते एकाखाली एक लिहिले आहेत. ताई तसं करायची नाही. ती कॉर्ड येऊ द्यायची. थांबायची. आणि मग तो एक सूर ठेवायची, निजलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण ठेवावं तसा.

किती थांबायची? एक श्वासभर, जास्त नाही. पण तेवढ्या वेळात दोन हजार माणसांचं सभागृह गपगार व्हायचं. खोकणारे खोकला गिळायचे. त्या श्वासावर लोकांनी काय काय लिहून ठेवलंय! कुणाला त्यात मृत्यू दिसला, कुणाला देव. एका विद्वानाने ऐंशी पानं लिहिली. संगीतशाळांतली मुलं त्या जागी डोळे मिटून थांबायला लागली आणि मास्तरांची बोलणी खायला लागली, कारण ताई थांबली तर ती प्रतिभा आणि बाकीच्यांनी थांबलं तर ती चूक.

आता खरं काय ते सांगते. ती शांतता म्हणजे माझा डावा हात होता.

ताई एकोणीस वर्षांची होती आणि मी चौदाची. आमच्या मास्तरांच्या घरी दोन पियानो होते, बैठकीच्या खोलीत पाठीला पाठ लावून, इतके की खुर्च्या स्वयंपाकघरात हलवाव्या लागल्या होत्या. ताईला हा कॉन्चेर्टो बसवायचा होता आणि साथीला येणारा माणूस आजारी पडला. मास्तर म्हणाले, "धाकटीला बसवा." बसवलं. मी वाचत वाचत वाजवायचे, चुकायचे, पण थांबायचे नाही, आणि मास्तरांना तेवढंच हवं होतं. घोडं अडलं ते या एका कॉर्डपाशी. तिचा खालचा सूर आणि वरचा सूर इतके लांब, की माझी करंगळी आणि अंगठा दोन्हींवर एका वेळी पोचेनात. आजही पोचत नाहीत. मग मी चोरवाट काढली. करंगळीने खालचा सूर वाजवायचा, पायाने पेडल दाबून तो धरून ठेवायचा, आणि हात उचलून बाकीचे सूर घ्यायचे. हे चटकन केलं तरी मध्ये एक श्वास जातोच.

ताई तो श्वासभर थांबायची. माझा शेवटचा सूर आला की मग तिचा. तिने ते ठरवून केलं नव्हतं. दोन माणसं एकत्र चालताना एकाचं पाऊल आखूड असेल तर दुसऱ्याचं आपोआप आखूड पडतं, तसं. पंधरा दिवस तिने कागद पाहून वाजवलं, सोळाव्या दिवशी स्वरलिपीची वही कपाटात गेली. ताईचं पाठांतर असं होतं, की एकदा बसलं की बसलं. आणि बसलं ते माझ्या हातासकट बसलं.

मास्तरांनी ऐकलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. "हे थांबायचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," ताई म्हणाली. "ते तसंच आहे ना?"

मास्तर हसले आणि तिच्या डोक्यावर थोपटलं. त्यांना वाटलं, पोरगी विनयाने बोलते आहे. मी माझा डावा हात मांडीखाली दडवून बसले होते.

नंतरही तेच झालं. कंडक्टर मंडळींना वाटायचं, एवढ्या मोठ्या बाई, त्यांना कागदावर काय आहे ते माहीत असणारच. त्यांना सांगणार कोण? आणि ताई स्वतःबद्दलचं काही वाचत नसे. सकाळच्या चहाला मी तिला पेपरातलं वाचून दाखवायचे. "स्वरलिपीत नसलेली ती विलक्षण शांतता" असं काही आलं, की "स्वरलिपीत नसलेली" एवढं मी गाळायचे. पहिल्यांदा गाळलं ते भीतीने, ओरडेल म्हणून. पुढे सवयीने. आणि मग, सांगूनच टाकते, आवडायला लागलं म्हणून. सातव्या रांगेत बसून त्या क्षणी अख्खं सभागृह श्वास रोखून बसलेलं बघायचं, आणि मनात म्हणायचं, बसा, माझा हात पोचेपर्यंत बसा. जगात माझं म्हणून तेवढंच होतं.

गेल्या वर्षी माझ्या बोटांचे सांधे धरले. सकाळी मूठ वळायची नाही. डॉक्टर म्हणाले, आता पियानो बंद. ताईने नेहमीप्रमाणे आधी डॉक्टरला नावं ठेवली, मग मला, मग दुसरी साथीदार शोधली. पस्तिशीची एक बाई आली, शांत, कामाला चोख, आणि हात असे लांब की मी मनातल्या मनात तिचं नाव लांबबोटी ठेवून टाकलं. ती कॉर्ड तिने पहिल्याच दिवशी, बोलता बोलता, एका हातात घेतली. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो मी आपटलाच म्हणायला हवा.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. ताईने आधीच जाहीर करून टाकलं होतं, की हा कॉन्चेर्टो ती या मोसमात शेवटचा वाजवणार. दहा दिवस आधी लांबबोटी सरावात थबकली आणि अगदी अदबीने म्हणाली, "बाई, एक विचारू? तुम्ही इथे थांबता ते कुठल्या जुन्या आवृत्तीत आहे का? माझ्या कागदात दोन्ही एकत्र दिलंय. मला खूण करून ठेवायची होती."

"एकत्र कसं असेल?" ताई म्हणाली. "दाखव."

तिने चष्मा लावला. कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग कपाटातून स्वतःची जुनी वही काढायला लावली, मास्तरांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली. त्यातही एकाखाली एक. 

"हो की," एवढंच म्हणाली आणि वही मिटली.

मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! दुसऱ्या दिवसापासून ताई कागद समोर ठेवून वाजवायला लागली. इतकी वर्षं कपाटात पडलेली वही आता स्टँडवर, आणि ताई प्रत्येक ओळ तपासतेय. हे इथे असंच आहे का? इथे बांधलेला सूर आहे की सुटा? पहिल्या भागातली ती खाली धावत येणारी ओळ, जी ती झोपेतही वाजवू शकली असती, तिथे ती मध्येच अडली. हात वर धरून बोटांकडे बघत राहिली. "हे चौथं बोट इथे कसं येतं?" तिने लांबबोटीला विचारलं. लांबबोटी काय सांगणार! ती बोटं तिथे कशी येतात हे ताईला कधी विचारावंच लागलं नव्हतं.

आणि तिचे खांदे वर गेले. बावन्न वर्षांत मी ताईचे खांदे वाजवताना वर गेलेले पाहिले नव्हते. ताप असताना नाही, आई गेली त्या आठवड्यात नाही. आता ते कानाला टेकायला आले होते. प्रत्येक सुराआधी ती जरा दचकायची. सूर सगळे बरोबर लागायचे, पण ऐकणाऱ्याला जीव मुठीत धरून बसावं लागायचं. तिचं वाजवणं मी त्या आठवड्यात पहिल्यांदा घाबरून ऐकलं.

बुधवारी दुपारी तिने मला हाक मारली. लांबबोटीला लवकर घरी पाठवून दिलं होतं.

"व्यवस्थापकाला कळवून टाक. पाठ धरलीय म्हणावं."

"तुझी पाठ ठीक आहे."

"मग काय सांगू? बावन्न वर्षं चुकीचं वाजवलं, म्हणून आता येत नाही?" ती खिडकीकडे बघत होती. "एक चूक मला दिसली. आणखी किती असतील? लोक मला तोंडावर काही बोलले नाहीत. हसत असतील गं मागे. म्हातारीला कागद वाचता येत नाही म्हणून."

"कुणी हसत नाही."

"फोन कर."

फोन पलीकडच्या खोलीत होता. मी तिथे जाऊन खुर्चीत बसले. आकडे पाठ होते. फिरवले नाहीत. सांगितलं तर काय होईल, याचा हिशेब करत बसले. कदाचित तिच्या मनातून जाईल, की आपली अक्कल कमी पडली. कदाचित ती मला पुन्हा दारात उभं करणार नाही. आणि एक गोष्ट तर नक्की होती. ताईला कळलं, की ती थांबणार नाही. ती कधीच जाणूनबुजून चुकीचं वाजवत नाही. म्हणजे माझं जे काही होतं ते रविवारी संपलं. फोन केला तर मात्र ते तसंच राहणार होतं, रेकॉर्डवर, ऐंशी पानांत, लोकांच्या तोंडी. फक्त ताई संपणार होती.

असा विचार माझ्या मनात आला याची मला अजून लाज वाटते. दहा मिनिटं तरी मी तशी बसले असेन.

मग परत गेले आणि दुसऱ्या पियानोवर जाऊन बसले. ताईने मान वळवली.

"झाला फोन?"

"नाही. ताई, ती चूक तुझी नाहीये."

"मग कुणाची? छापणाऱ्याची?"

"माझी."

मी डावा हात उघडून पट्ट्यांवर ठेवला. करंगळी खालच्या सुरावर, अंगठा जाईल तितका लांब. दोन पट्ट्या कमीच. "हे बघ. पोचत नाही. कधीच पोचला नाही. मी हा सूर आधी घ्यायचे आणि मग उडी मारायचे. असा." बोटं दुखली, पण वाजवून दाखवलं. "तू माझ्यासाठी थांबायचीस. मास्तरांकडे, पहिल्या दिवसापासून. तुला ते तसंच वाटायला लागलं."

ताई उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. "परत वाजव."

मी वाजवलं. खालचा सूर, उडी, बाकीचे सूर. माझ्या खांद्यावरून तिचा हात पुढे आला आणि वरचा तो एक सूर वाजला. नेमका जिथे वाजायचा तिथे. तिने हात झटकन मागे घेतला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"सुरुवातीपासून."

"हो. आणि पेपरात छापून यायचं, की हे कागदावर नाही. ते मी तुला वाचून दाखवायचे नाही. गाळायचे."

"का?"

"काय सांगणार होते? तुझी ती दैवी शांतता म्हणजे माझं आखूड बोट आहे म्हणून?"

मला वाटलं होतं, हसेल. नाही हसली.

"मजा वाटायची तुला?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं. "फार वाटायची. पण तुला येत नाही असं म्हणू नकोस, ताई. तू कागद चुकीचा वाचला नाहीस. तू माझ्याबरोबर वाजवत होतीस, एवढंच. बाकी सगळं आहे तसं आहे. तपासत बसू नकोस, तुझे खांदे बघ कुठे गेलेत."

तिने खांद्यांना हात लावून पाहिलं. मग दाराकडे बोट केलं. "घरी जा. मला आता तू नकोस इथे."

फोनचं तिने पुन्हा काढलं नाही. मीही केला नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी दहा वाजता घरात बसून राहिले, कपाटं आवरली, आधी आवरलेलीच पुन्हा आवरली. ताईच्या गल्लीवरून जायचं टाळलं. तिच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत आणि मला काही ऐकायचं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी लांबबोटी रविवारचं तिकीट देऊन गेली. सातवी रांग.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"बाईंनी कुणाला सांगायचं नाही म्हटलंय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

रविवारी दुपारी सभागृह खच्चून भरलं होतं. ताई आली. काळा पोशाख, केस मागे बांधलेले, चालताना उजवा गुडघा थोडा आखडलेला. कंडक्टर तिच्या मागून आला, चाळिशीचा, तिच्यापुढे शाळेतला मुलगा वाटावा असा. ती बसली. स्टूल पुढे-मागे केलं नाही, रुमालाने पट्ट्या पुसल्या नाहीत, आकाशाकडे पाहिलं नाही. घरी जेवायला बसावं तशी बसली. वाद्यवृंद सुरू झाला आणि ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. मी फक्त खांदे बघत होते.

खांदे खाली होते.

मग तिने सुरुवात केली. मी आयुष्यभर हे वाजवणं आतून पाहिलंय, त्यामुळे मला ते कधी सहज वाटलंच नव्हतं. प्रत्येक ओळीमागे कुठल्या महिन्यात काय ओरडाआरडा झाला ते मला आठवतं. पण त्या दुपारी मी इतरांसारखी ऐकायला लागले. खाली धावत येणारी ती ओळ आली, आणि असं वाटलं, की ती ओळ आपली आपण उतरतेय, ताईचे हात नुसते तिच्याबरोबर जिना उतरतायत. मनगटं सैल. मधेच क्लॅरिनेटवाल्याने एक तुकडा सुंदर वाजवला, तेव्हा तिने वाजवता वाजवता मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, शाबास म्हणावं तसं, आणि डावा हात तिकडे अवघडातलं अवघड काम करतच होता. माझ्या शेजारची बाई ओठावर बोटं ठेवून बसली होती. मला तिला कोपर मारून सांगावंसं वाटलं, माझी बहीण आहे ती. एकाहत्तर वर्षांची आहे. 

पहिला भाग संपला. लोक खोकले, सावरून बसले. सगळ्यांना माहीत होतं आता काय येणार ते. पुढच्या रांगेतल्या एकाने तर आधीच डोळे मिटून घेतले.

कंडक्टरने छडी उचलली. तंतुवाद्यांची कॉर्ड आली, आणि तिच्याबरोबर, तिच्या आतच, ताईचा सूर.

थांबली नाही. एकाखाली एक, लिहिलंय तसं.

माझं जे होतं ते गेलं. आणि त्याच वेळी, काय सांगू, ते सुंदर होतं. आधीपेक्षा सुंदर होतं. इतकी वर्षं तो सूर कॉर्डच्या वर यायचा, आज तो तिच्यातून उगवला. साधा. कुणाला काही दाखवायला नाही आलेला. ज्याने हे लिहिलं त्याला हेच हवं असणार, यात मला शंका राहिली नाही. पुढच्या रांगेतल्या माणसाने डोळे उघडून शेजाऱ्याकडे पाहिलं. सभागृहात कुठेतरी चुळबुळ झाली आणि विरली. ताई पुढे गेली होती. मी सातव्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला कळत होतं, की आता मी खरोखरच नुसती ऐकणारी आहे.

तिसरा भाग वेगाचा. तो संपला तेव्हा लोक उठून उभे राहिले, मीही राहिले. ताई वाकली, कंडक्टरचा हात धरून पुन्हा वाकली, गुडघ्यामुळे जरा तिरकी.

मध्यंतरात बाहेर पडताना एक गृहस्थ बायकोला सांगत होते, "ती जागा गेली. वय झालं हो. विसरल्या."

मला राहवलं नाही. "विसरल्या नाहीत," मी म्हटलं. "ते तसंच आहे. कागद उघडून बघा. आजपर्यंत वाजवत होत्या ते चूक होतं."

ते गृहस्थ दचकले. "आपण कोण?"

"मी कुणी नाही," मी म्हटलं आणि आत गेले.

मध्यंतरानंतर ताईचं काम नव्हतं. तिची खोली रंगमंचामागे होती, एक आरसा, दोन खुर्च्या, भिंतीवर एक स्पीकर, ज्यातून बाहेरचं ऐकू यायचं. भेटायला आलेल्यांना तिने पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं. बूट काढून, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसली होती. मी दारात उभी राहिले. तिने पाय खाली घेतले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"कसं झालं?"

"बरोबर झालं."

"तो सूर?"

"कॉर्डबरोबर पडला. अगदी बरोबर." पुढचं बोलायला मला जड गेलं, पण ते तिचं देणं होतं. "पहिल्यापेक्षा चांगला लागला, ताई."

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली. स्पीकरमधून कार्यक्रमाचा उत्तरार्ध सुरू झाल्याचं ऐकू यायला लागलं.  "तीन दिवस लागले मला. त्या एका सुराला. हात थांबायचाच. मी त्याला सांगायचे, अरे कुणी यायचं नाहीये, वाजव. तरी थांबायचा. साथीला बसणाऱ्या त्या पोरीने त्या दिवसांत ती कॉर्ड किती वेळा वाजवली असेल, बिचारी."

"आज तर थांबला नाही."

"नाही. लोकांना सोपं वाटलं असेल ना?"

"मलासुद्धा वाटलं."

"तुलासुद्धा?" ताईने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला तेव्हा दिसला. ती थकली होती, कधी पाहिली नव्हती एवढी. "इतकी वर्षं सोपंच होतं गं, छोटे. तू यायचीस, मग मी जायचे. त्यात काय अवघड? आज त्या जागी आले तर तिथे कुणी नव्हतं. सत्तर माणसं होती, पण कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एकटीने वाजवलं मी. एवढं जड मी कधीच काही वाजवलेलं नाही."

 मी तिच्यासमोर बसून लहान मुलीसारखी रडत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.